‘एकमताने मंजूर’ लिहिण्याआधी: गटातलं खरं मत बाहेर कसं आणायचं

सभांची इतिवृत्तं लिहिणं हे माझं काम. संस्था बदलतात, विषय बदलतात, माझी जागा मात्र ठरलेली: अध्यक्षांच्या बाजूला, टेबलाच्या कडेला, वही उघडून. तिथून बोलणाऱ्यांपेक्षा न बोलणारे जास्त दिसतात. ठराव वाचून झाला की अध्यक्ष विचारतात, ‘‘मग, सगळ्यांना मान्य?’’ पुढचे दोन-चार क्षण समोरच्या कागदाकडे कुणीच बघत नाही. सगळे एकमेकांच्या चेहऱ्यांकडे बघतात. कुणी घसा खाकरत नाही, कुणी पुढे सरकून बसत नाही. मग प्रत्येक जण मनाशी धरून चालतो की शंका असलेले आपण एकटेच. माना हलतात. तीच माणसं नंतर जिन्यात एकमेकांना सांगतात, ‘‘खरं तर मला हे पटलेलं नाही.’’

या माणसांना भित्रं किंवा दुटप्पी ठरवणं सोपं आहे, पण ते चूक आहे आणि त्याने काही सुधारतही नाही. माणूस एकटा असताना कसा वागतो आणि चारचौघांत कसा वागतो, यातला बराचसा फरक मांडणीतून येतो. आधी कोण बोललं, मत उघड द्यायचं की लिहून, आपल्या बाजूने एक तरी माणूस आहे का, यावर खूप काही ठरतं. आणि मांडणी बदलता येते. धाडसी माणसं शोधत बसण्यापेक्षा ते कितीतरी हातातलं आहे. समिती असो, मंडळ असो, ऑफिसातली टीम असो की स्वयंसेवकांचा गट, पुढचे उपाय कुठेही चालतात. त्यातल्या काहींसाठी तर तुमच्याकडे कुठलं पदही असावं लागत नाही.

तीन रेघा आणि एक सोबती

उपायांकडे जाण्याआधी एक प्रयोग नीट समजून घ्या, कारण पुढचं बरंच काही त्यातूनच निघतं. १९५०च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत सात-आठ विद्यार्थ्यांचा गट एका खोलीत बसवला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर कमी-जास्त लांबीच्या तीन. पहिल्या रेघेएवढी कोणती, हे एकेकाने मोठ्याने सांगायचं. प्रश्न इतका सोपा की एकट्याने सोडवताना शंभरात एखादंही उत्तर चुकत नव्हतं. मेख अशी होती की गटातला एकच जण खरा होता, तोही शेवटाकडे बसवलेला. बाकीचे सगळे आधीच फितवलेले. एकूण १८ फेऱ्या, त्यातल्या १२ फेऱ्यांत ते सगळे मिळून एकच चुकीचं उत्तर द्यायचे.

त्या बाराही फेऱ्यांचा हिशेब केला तर खऱ्या माणसांची साधारण ३७ टक्के उत्तरं गटाच्या चुकीबरोबर गेली. हा आकडा सगळे उद्धृत करतात. मला त्याच्या आजूबाजूचे आकडे जास्त मोलाचे वाटतात. सुमारे पावभाग माणसं एकदाही ढळली नाहीत. विरोधात एकच माणूस असेल तर परिणाम जवळजवळ शून्य होता. दोघे झाले की चुका १३.६ टक्के, तिघे झाले की ३१.८. त्यापुढे विरोधक वाढवून फार फरक पडला नाही. म्हणजे दडपण यायला मोठा जमाव लागत नाही, समोर एकमुखाने बोलणारे तिघे पुरतात. तुमच्या समितीतले ते तिघे कोण, हे तुम्हाला आत्ता डोळ्यांसमोर आलंच असेल.

आता सगळ्यात कामाचा भाग. ॲशने गटात एक सोबती पेरला, जो खरं उत्तर द्यायचा. लगेच चुका चौथ्या हिश्श्यावर आल्या. पुढे त्याने दोन गोष्टी करून पाहिल्या. एका वेळी हा सोबती मधेच फिरला आणि बहुमताला जाऊन मिळाला, तर चुका पुन्हा उसळल्या. दुसऱ्या वेळी तो काही काम आहे असं सांगून खोलीबाहेर निघून गेला. तेव्हाही चुका थोड्या वाढल्या, पण पहिल्याइतक्या नाहीत. निघून गेलेला सोबतीसुद्धा मागे थोडं बळ ठेवून गेला होता. पक्ष बदललेल्याने मात्र तेही काढून नेलं. गटात कुणाला साथ द्यायची कबूल करत असाल तर हे आठवणीत ठेवा. ऐनवेळी फिरणार असाल तर आधीच नाही म्हणा.

आधी लिहा, मग बोला

ॲशच्याच एका प्रकारात खऱ्या माणसाला उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हा चुका खूपच कमी झाल्या. तोच माणूस, तेच डोळे, त्याच रेघा. यावरून पहिला नियम घ्या: महत्त्वाच्या विषयावर चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपलं मत लिहायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण करताना लोक ते बिघडवतात, म्हणून तपशील सांगते. सगळ्यांना एकाच मापाचे कागद आणि एकाच रंगाची पेनं द्या. नाहीतर जांभळ्या शाईची चिठ्ठी कुणाची हे सगळ्यांना कळतं. प्रश्न फळ्यावर लिहा आणि तो ‘हो-नाही’चा ठेवू नका. ‘‘हा प्रस्ताव दहापैकी किती पटला, आणि कमी असेल तर सगळ्यात मोठी अडचण कोणती?’’ असा विचारा. पाच मिनिटं पूर्ण शांतता ठेवा. दोन मिनिटांनी कुणीतरी ‘‘झालं का?’’ म्हणून घाई करतं. त्याला हाताने थांबवा, कारण मनात घोळणारी शंका कागदावर उतरायला तिसरं-चौथं मिनिट लागतं. चिठ्ठ्या गोळा करून फेटा आणि सगळ्या एकाच माणसाने, एकाच सुरात वाचाव्यात. हे काम अध्यक्षांनी करू नये. वाचताना त्यांची एक ‘‘हं’’सुद्धा लोक टिपतात. मी स्वतः वाचते तेव्हा सगळे आकडे आधी वाचते आणि अडचणी नंतर. आकड्यांमध्ये तीन, चार, तीन असं येऊ लागलं की खोलीतल्या माणसांचे खांदे सैल होतात. जो तो समजून चुकतो की शंका आपल्या एकट्याची नव्हती. त्यानंतरची चर्चा वेगळीच होते.

एक पथ्य मात्र आहे. चिठ्ठी शंका वर आणण्यासाठी आहे, जबाबदारी टाळण्यासाठी नाही. ज्या निर्णयाचा भार पुढे लोकांनी खांद्यावर घ्यायचा आहे, त्याचं शेवटचं मतदान उघड हात वर करून व्हावं असं माझं ठाम मत आहे. सुरुवात गुप्त, शेवट उघड.

अध्यक्षांनी शेवटी बोलावं

तुम्ही गटाचे प्रमुख असाल तर हा एकच उपाय केला तरी पुष्कळ होईल. आपलं मत शेवटपर्यंत राखून ठेवा. बोलायची सुरुवात सगळ्यात नव्या किंवा कनिष्ठ सदस्यापासून करा. ज्येष्ठांनी आधी बोलायचं आणि बाकीच्यांनी री ओढायची, ही पद्धत आदराची वाटते, पण तिच्यात निम्म्या खोलीची माहिती वाया जाते.

कधीकधी खोलीतून बाहेर जाणं हाच उत्तम उपाय असतो. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेने क्युबाच्या ‘बे ऑफ पिग्ज’ इथे सुमारे १,४०० क्युबन निर्वासितांची फौज उतरवली आणि तीन दिवसांत ती मोहीम कोसळली. राष्ट्राध्यक्ष केनेडींचे सल्लागार हुशार होते, अनुभवी होते. त्यांच्यातल्या आर्थर श्लेसिंजर यांनी योजनेविरुद्ध टिपण दिलं होतं, पण मुख्य बैठकांमध्ये ते गप्प बसले आणि पुढे त्याबद्दल त्यांनी स्वतःला बोल लावला. मानसशास्त्रज्ञ अर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये गटविचाराचा, म्हणजे एकमत टिकवण्याच्या ओढीत गट शंका गिळून टाकतो याचा, सिद्धान्त मांडला, त्यात ही मोहीम हे त्यांचं ठळक उदाहरण होतं. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा प्रश्न आला, तेव्हा केनेडींनी रीत बदलली. काही बैठकांना ते मुद्दाम गैरहजर राहिले, सल्लागारांना छोट्या गटांत वाटून वेगवेगळे पर्याय लिहायला लावले आणि एकमेकांची टिपणं तपासायला दिली. माणसं बरीचशी तीच होती.

प्रश्न कसा विचारायचा

‘‘कुणाची हरकत आहे का?’’ या प्रश्नावर शांतताच मिळते. हरकत घेणारा एकटा पडतो आणि प्रश्न तर त्यालाच उभं राहायला सांगतो. त्याऐवजी असं म्हणून बघा: ‘‘समजा एक वर्ष उलटलंय आणि ही योजना पूर्ण फसलीय. का फसली, ते प्रत्येकाने लिहा.’’ गॅरी क्लाइन या निर्णयशास्त्राच्या अभ्यासकाने ही पद्धत लोकप्रिय केली. अपयश आधीच गृहीत धरल्यामुळे खोट काढणारा माणूस फाटे फोडणारा न ठरता काम करणारा ठरतो. एवढ्या छोट्या फिरकीने गप्प माणसं बोलती होतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

दुसरा प्रश्न याहून कमी वापरला जातो आणि माझ्या मते तो जास्त मोलाचा आहे. गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये विद्यार्थ्यांच्या गटांना तीन उमेदवारांमधून एक निवडायला सांगितला. सगळी माहिती सगळ्यांना दिली, तेव्हा बहुतेक गटांनी सरस उमेदवार बरोबर निवडला. मग त्याच उमेदवाराचे गुण एकेका सदस्याकडे विखरून ठेवले. सगळ्यांचं मिळून चित्र पूर्ण होतं, पण बहुतेक गटांची निवड चुकली. कारण गटात लोक जे सगळ्यांना आधीच माहीत असतं त्यावरच बोलत राहतात. एकाने म्हटलं की दुसरा मान डोलावतो, दोघांनाही बरं वाटतं. फक्त एकाला ठाऊक असलेली गोष्ट तशीच राहून जाते. म्हणून चर्चेच्या मध्यावर स्पष्ट विचारा, ‘‘या विषयातलं असं काय आहे, जे या खोलीत फक्त तुम्हालाच माहीत असेल?’’ आणि प्रत्येकाला नाव घेऊन विचारा. हिशेब बघणाऱ्याला काहीतरी ठाऊक असतं, प्रत्यक्ष जागेवर काम करणाऱ्याला काहीतरी वेगळंच. ते आपण होऊन सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं हे सगळ्यांना माहीतच असणार.

काही ठिकाणी दर बैठकीत एकाला पाळीपाळीने ‘विरोधक’ नेमतात. मला ही पद्धत पसंत नाही. शार्लन नेमेथ यांच्या अभ्यासात दिसलं की सोंग घेतलेल्या विरोधापेक्षा मनापासून असलेला विरोध गटाला जास्त विचार करायला लावतो. नेमलेला विरोधक बोलला की सगळे हसून घेतात आणि आपण दुसरी बाजू ऐकली या समाधानात पुढे जातात. खरा विरोधक शोधा. तो बहुधा खोलीत असतोच.

आणि तो विरोधक तुम्हीच असाल तर

सगळ्यात आधी, बैठकीपूर्वी एक सोबती शोधा. त्याचं मत तुमच्यासारखंच असायची गरज नाही. ॲशच्या प्रयोगात बहुमतापासून वेगळं, पण तेही चुकीचं उत्तर देणारा माणूससुद्धा उपयोगी पडला, कारण एकमुखीपणा मोडला. त्याला एवढंच सांगा, ‘‘मी मुद्दा मांडला की तुम्ही म्हणा, यावर जरा बोलूया.’’

मुद्दा पहिल्याच फेरीत मांडा. गट एकदा एका बाजूला झुकला की नंतरचा आवाज अडथळा वाटतो. आणि मांडलेला मुद्दा त्याच शब्दांत, शांतपणे, पुन्हा मांडायची तयारी ठेवा. सर्ज मॉस्कोविसी यांनी १९६९ मध्ये सहा जणांच्या गटात दोघे पेरले. ते पडद्यावर दाखवलेल्या निळ्या रंगाच्या स्लाइड्सना हिरवं म्हणायचे. दोघे प्रत्येक वेळी हिरवंच म्हणत राहिले तेव्हा इतरांची ८ टक्क्यांहून थोडी जास्त उत्तरं हिरव्याकडे गेली. ते कधी हिरवं, कधी निळं म्हणू लागले तेव्हा हा आकडा जेमतेम सव्वा टक्क्यावर आला. अल्पमताकडे संख्या नसते, सातत्य असतं. त्यामुळे सात मुद्दे फेकण्यापेक्षा एकच धरून ठेवा.

पुढे काय होतं तेही आधीच माहीत असू द्या, म्हणजे खचायला होणार नाही. १९५१ मध्ये स्टॅनली शॅक्टर यांनी चर्चागटांत एक ठाम विरोधक पेरून पाहिला. सुरुवातीला सगळं बोलणं त्याच्याकडेच वळलं. लोक त्याला समजावत राहिले. शेवटी त्याला नापसंत ठरवलं आणि कामं वाटताना नकोशी कामं त्याच्या गळ्यात मारली. बैठकीत अचानक सगळे तुमच्याशीच बोलू लागले तर घाबरू नका, तुमचा मुद्दा अजून जिवंत असल्याची ती खूण आहे. काळजी करायची ती सगळे बोलायचे थांबतील तेव्हा. त्या वेळी एक वाक्य कामाला येतं: ‘‘अमुक माहिती मिळाली तर मी माझं मत बदलेन.’’ आडमुठा माणूस आणि विचारी विरोधक यांत लोक याच वाक्यावरून फरक करतात. तरीही ठराव मंजूर झाला, तर शांतपणे सांगा, ‘‘माझा विरोध कारणासह इतिवृत्तात नोंदवा.’’ लिहिणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे की ते शब्द सौम्य करू नका. बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती आणि विरोधाचं कारण एका ओळीत. सहा महिन्यांनी निर्णय तपासायला बसाल तेव्हा हीच ओळ सगळ्यात उपयोगी ठरते.

‘आपण सगळे मिळून करू’

या वाक्यावर मी कधीच पुढचा विषय घेऊ देत नाही. १९६८ मध्ये बिब लाटाने आणि जॉन डार्ली यांनी एका खोलीत फॉर्म भरत बसलेल्या माणसांसमोर झरोक्यातून धूर सोडला. एकटी असलेली चारांपैकी तीन माणसं उठून सांगायला गेली. सोबत दोन जण निर्विकार बसवलेले असले की दहातला एकच उठला. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही. प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि एकच तारीख लिहा, दोन नावंही नकोत. मदत मागतानाही तसंच करा. रस्त्यात कुणी कोसळलं तर ‘‘कुणीतरी फोन करा’’ म्हणू नका. बोट दाखवून म्हणा, ‘‘निळा शर्ट, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन करा.’’

गटात तट पडू लागले तर

तट पडायला मोठं कारण लागत नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताशफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना ते जर्मनांच्या कैदेत पडले. परतले तेव्हा घरचे जवळजवळ सगळे मारले गेले होते. माणसं ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ कशी करतात, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली, आवडीनुसार गट पाडल्याचं भासवलं आणि खरं तर वाटेल तसे पाडले. आपल्या गटात कोण आहे हे मुलांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून वाईट म्हणजे, आपल्या गटाला एकूण जास्त मिळण्यापेक्षा दुसऱ्यांपेक्षा जास्त मिळणं अनेकांना महत्त्वाचं वाटलं. म्हणून गंमत म्हणूनही गटांना कायमची नावं, रंग, गुणफलक देताना शंभरदा विचार करा.

तट पडलेच असतील तर ‘सगळ्यांना एकत्र बसवू’ एवढ्याने भागत नाही. मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे अकरा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर घेतलं. दोन गट, स्पर्धा, आणि थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत मजल. त्यांना एकत्र जेवायला बसवलं तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. बदल झाला तो दोघांनाही हवी असलेली आणि एकट्या गटाला न जमणारी कामं समोर आल्यावर. पाण्याची टाकी अडली, ट्रक बंद पडला. ज्या दोरीने ते रस्सीखेच खेळले होते, त्याच दोरीने दोन्ही गटांनी मिळून ट्रक ओढला. अशा एका कामाने लगेच सगळं निवळलं नाही, एकामागून एक अशी कामं यावी लागली. तुम्हीही पहिलं संयुक्त काम लहान आणि तडीस जाईल असं निवडा. पहिलंच फसलं तर दोन्ही बाजू एकमेकांवर खापर फोडतात.

शेरीफ यांचा त्याआधीच्या वर्षीचा असाच एक प्रयोग फसला होता, आणि मला तो जास्त शिकवून जातो. तिथे मुलांना आधी एकत्र राहू दिलं, मैत्री होऊ दिली आणि मगच गट पाडले. नंतर कितीही चिथावलं तरी मुलं एकमेकांवर उलटली नाहीत. उपसमित्या करायच्या असतील तर पहिल्याच बैठकीत करू नका. आधी काही आठवडे सगळ्यांना एकाच कामाला लावा, मग वाटणी करा. वर्षभराने माणसं एका उपसमितीतून दुसरीत फिरवा, आणि प्रत्येक ठिकाणी जुन्यांपैकी एक जण राहू द्या, म्हणजे कामाचा धागा तुटणार नाही.